फादर थॉमस स्टीफन्स: मुलांच्या शिकवणीस वाहिलेले एक जीवन

परमेश्वराच्या अपार कृपेने आपल्या धर्मग्रामाचा ज्युबिली महोत्सव साजरा करण्याचे भाग्य आज आपणां सर्वांस लाभत आहे. अशा प्रसंगी मन सहजच मागे वळते. देवमंदिराचा पाया कोणी घातला, घंटा कोणी अर्पण केली, वेदीची सेवा कोणकोणत्या धर्मगुरूंनी केली, ह्या गोष्टींचे स्मरण अशा वर्षी व्हावयाचेच, आणि ते योग्यच आहे. परंतु देवमंदिर केवळ दगडविटांवर टिकत नाही. ज्या धर्मग्रामात मुलांना देवाची ओळख करून देणारे कोणी उरत नाही, त्याच्या भिंती कितीही भक्कम असोत, दोन पिढ्यांत तेथील बाके रिकामी पडतात. म्हणून ह्या मंगल वर्षी अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत, ज्याने आपल्या आयुष्याची चाळीस वर्षे आपल्याच भूमीतील साध्याभोळ्या लोकांस व त्यांच्या लेकरांस त्यांच्या भाषेत देव समजावून सांगण्यात वेचली.

आम्ही स्वारगेटच्या परिसरात राहणारे लोक. येथल्या एस. टी. स्थानकावर रात्रंदिवस गाड्या येतात आणि जातात. आपल्यापैकी पुष्कळांचे आईबाप किंवा आजे अशाच एखाद्या गाडीने, काखेत वळकटी मारून, ह्या शहरात उतरले. कोणी नगर जिल्ह्यातून आले, कोणी गोव्याहून, कोणी वसईहून. त्या वळकटीत चार कपडे होते, दोन भांडी होती, आणि आईने शिकविलेल्या प्रार्थना होत्या. आज त्यांची नातवंडे इंग्रजी शाळांत जातात. सायंकाळी आजी जपमाळ घेऊन बसते, नातू तिच्या शेजारी बसतो. पण तिच्या प्रार्थनेतील निम्मे शब्द त्यास कळत नाहीत. तो स्वतः शाळेत पाठ केलेली प्रार्थना इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवितो. मात्र तिचा अर्थ विचारला तर खाली पाहतो. ओठांवर दोन भाषा आहेत आणि अंतःकरणात एकही उतरलेली नाही, अशी स्थिती आपल्या कित्येक घरांतून आम्हांस दिसते. हा प्रश्न आजचाच आहे असे कोणी समजू नये. चारशे वर्षांपूर्वी गोव्याच्या सासष्टी प्रांतात एका परदेशी धर्मगुरूपुढे तो निराळ्या रूपाने उभा राहिला होता. त्या धर्मगुरूचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. ख्रिस्तपुराणाचे कर्ते म्हणून त्यांचे नाव अवघ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. पण त्या थोर पुराणाचा उगम मुलांच्या शिकवणीच्या वर्गात आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते.

जन्म आणि देशत्याग

स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडात विल्टशर परगण्यातील बुश्टन ह्या गावी झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. स्टीफन्स यांचे बालपण मोठ्या धामधुमीच्या काळात गेले. 1558 साली एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि पुढच्याच वर्षी कायद्याने त्या देशात पवित्र मिस्सा बंद झाली. तेव्हा हे बालक सुमारे दहा वर्षांचे होते. ज्या वयात मुलाने वेदीजवळ जावे, प्रश्नोत्तरी पाठ करावी, नेमक्या त्या वयात त्याच्या देशातील वेद्या उखडल्या जात होत्या आणि धर्मगुरू लपूनछपून फिरत होते. मुलांच्या धर्मशिक्षणाची साखळी एकदा तुटली म्हणजे एका पिढीत केवढा अंधार पसरतो, हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. प्रत्यक्ष पाहिले होते. त्यांच्या पुढील सर्व आयुष्याकडे पाहताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

तारुण्यात त्यांची थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत कॅथलिक गृहस्थाशी गाढ मैत्री जडली. पाउंड हे पूर्वी राजदरबारी वावरलेले. पुढे त्यांस वैराग्य प्राप्त झाले. दोघे मित्र बरोबर फिरत, आणि संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स हे पाउंड यांच्या सेवकाचा वेष घेत. दोघांनी मिळून रोमला जावे व येशूसंघात प्रवेश करावा असा त्यांचा निश्चय होता. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि पुढे सुमारे तीस वर्षे त्यांना एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात काढावी लागली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. 20 ऑक्टोबर 1575 रोजी संत आंद्रेया येथील मठात त्यांस येशूसंघात प्रवेश मिळाला. तेथे गेल्यावर ते आपल्या बंदिवान मित्रास विसरले नाहीत. त्यांनी संघाच्या वरिष्ठांकडे विनंती केली, आणि 1578 साली पाउंड यांस तुरुंगात असतानाच संघात सामील करून घेण्यात आले. मित्रऋण फेडून मगच स्टीफन्स पूर्वेकडे वळले.

समुद्रप्रवास

4 एप्रिल 1579 रोजी लिस्बन बंदरातून त्यांचे जहाज निघाले आणि त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला ते गोव्यास लागले. म्हणजे सहा महिन्यांहून अधिक काळ पाण्यावरच गेला. गोव्यात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत, 10 नोव्हेंबर रोजी, त्यांनी वडिलांस एक लांब पत्र लिहिले. त्या पत्रात वाऱ्यांचे, प्रवाहांचे, पक्ष्यांचे आणि माशांचे वर्णन आहे. केप ऑफ गुड होपजवळच्या भयंकर समुद्राचे वर्णन आहे. तसेच दीर्घ प्रवासात हिरड्या सुजून, पाय जड होऊन माणसे कशी खंगतात, तेही लिहिलेले आहे. त्या प्रवासात 150 हून अधिक लोक आजारी पडले व 27 जण दगावले. जहाजावर लहान मुलेही पुष्कळ होती, आणि समुद्राचा त्रास मोठ्यांपेक्षा मुलेच अधिक चांगल्या रीतीने सोसतात, असेही त्यांनी वडिलांस मुद्दाम कळविले. एवढ्या हालअपेष्टांतही ज्याची दृष्टी मुलांकडे गेली, त्याच्या हातून पुढे मुलांसाठी पुस्तक लिहिले जावे ह्यात नवल ते काय?

हे पत्र पुढे 1589 साली लंडनमध्ये छापले गेले व तेथील व्यापाऱ्यांत हिंदुस्थानविषयी उत्सुकता वाढविण्यास कारण झाले. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार स्टीफन्स यांचे नाव घेतात. पण त्यांच्यानंतर आलेले इंग्रज मिरी आणि कापड शोधीत आले. हा मनुष्य मात्र येथे येऊन जो बसला तो पुन्हा मायदेशी गेला नाही. 1583 च्या अखेरीस राल्फ फिच व त्यांचे तीन सोबती असे चार इंग्रज कैदी म्हणून गोव्यास आणले गेले, तेव्हा स्टीफन्स यांनी खटपट करून त्यांस जामिनावर सोडविण्यास साहाय्य केले. ते सोबती निराळ्या पंथाचे आहेत, आणि त्याच पंथाच्या राज्यात आपल्याला स्वधर्म पाळणे अशक्य झाले होते, हा विचार त्यांनी आड येऊ दिला नाही.

सासष्टीतील चाळीस वर्षे

1580 साली गोव्यात त्यांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक सासष्टीत झाली. मधला थोडा काळ सोडला तर ते मरेपर्यंत तेथेच राबले. मडगावच्या कॉलेजचे ते काही काळ रेक्टरही होते. परंतु पदांनी त्यांची ओळख झाली नाही. गोव्याचे लोक त्यांस पोर्तुगीज वळणाने पाद्री एस्तेव्हाव म्हणत.

त्या काळच्या सासष्टीची स्थिती झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. पोर्तुगीज सत्तेने 1567 च्या सुमारास तेथील देवालये पाडली होती, जुन्या पोथ्यांच्या पठणास बंदी घातली होती, आणि लोकांच्या मनात त्याचा सल होता. जुलै 1583 मध्ये कुंकळ्ळी गावी धन्य रुदोल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. पुढे त्या गावच्या पुढाऱ्यांसही पोर्तुगीजांनी ठार केले. ह्या रक्तपाताची हकीकत स्टीफन्स यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात पॅरिसमध्ये असलेल्या आपल्या भावास लिहून कळविली. आपले सहकारी जेथे पडले, त्याच तालुक्यात त्यांस ह्यापुढे छत्तीस वर्षे काढावयाची होती. सत्तेच्या बळावर देवळे पाडता येतात, पण माणसाच्या मनात देवाविषयी पूज्यभाव उत्पन्न करता येत नाही, ही गोष्ट सासष्टीच्या मातीने जो डोळे उघडून पाहील त्यास रोज शिकविली असती. स्टीफन्स यांनी जो मार्ग धरला तो ह्या धड्याला धरून होता. ते लोकांच्या भाषेचे विद्यार्थी झाले.

भावाला लिहिलेल्या त्याच पत्रात त्यांनी येथील भाषांविषयी मोठ्या आदराने लिहिले आहे. ह्या देशात भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानांस गोड आहेत, त्यांची रचना लॅटिन व ग्रीक भाषांशी मिळतीजुळती आहे, असा त्यातील आशय. युरोपातील एका विद्वानाने येथील बोली आणि युरोपातील अभिजात भाषा ह्यांतील साम्य इतक्या लवकर ओळखावे, ही मोठी गोष्ट होय. पंडितांनी ह्या विषयाचा खल केला तो त्यानंतर दोनशे वर्षांनी. येऊन जेमतेम चार वर्षे झाली होती तोच हा मनुष्य येथल्या लिपीचे प्रत्येक अक्षर म्हणजे एक पूर्ण उच्चार आहे, हेही समजून चुकला होता. त्यांनी कोंकणी भाषा आत्मसात केली. मराठीचाही खोल अभ्यास केला. पैठणच्या एकनाथमहाराजांनी 1599 साली देह ठेवला, म्हणजे ते स्टीफन्स यांचे समकालीन. जी ओवी वारकरी संतांनी घरोघर नेली होती, तीच ओवी ह्या इंग्रज धर्मगुरूने आपलीशी केली.

पुराणाचा जन्म

ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच कवीने ह्या ग्रंथाचे निमित्त सांगितले आहे, आणि आमच्या मते त्या निमित्तातच ग्रंथाचे सारे मर्म आहे. सासष्टीच्या एका मंदिरात मुलांना ख्रिस्ती शिकवण दिली जात होती. तेथे नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण उभा राहिला आणि त्याने पाद्रीगुरूस प्रश्न केला. त्याचा भावार्थ असा की, आमची जुनी पुराणे आपण बंद केली, ते असो. परंतु त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे, काय ऐकावे? ह्या शिकवणीबरोबर आमच्यासाठी दुसरे पुराण आपण का करून देत नाही?

वाचकहो, हा प्रश्न साधा नव्हे. मनुष्याच्या हातून त्याची गीते काढून घेतली आणि त्या जागी केवळ नियमांची यादी ठेवली, तर तो यादी पाठ करील, पण तिच्यावर प्रेम करणार नाही. मुलांना प्रश्नोत्तरी हवीच; तथापि दिवसभर राबून आलेला शेतकरी, चुलीपुढे बसलेली त्याची आई, मांडीवर डोके ठेवून ऐकणारे लेकरू, ह्यांना कथा हवी, ताल हवा, गाता येईल असे काही हवे. ह्या प्रश्नाला उत्तर म्हणून सुमारे 11,000 ओव्यांचा ग्रंथ उभा राहिला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात 36 अवस्वर म्हणजे अध्याय असून त्यांत जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या लोकांपर्यंतचा जुन्या कराराचा इतिहास आहे. दुसऱ्या पुराणात 59 अवस्वर असून त्यांत प्रभू येशूचा जन्म, उपदेश, दुःखसहन, मरण व पुनरुत्थान ह्यांचे वर्णन आहे. हा ग्रंथ 1616 साली सासष्टीतील राशोल येथे छापून प्रसिद्ध झाला. त्या वेळी देहूचे तुकाराममहाराज बालवयात होते, आणि शिवाजीमहाराजांच्या जन्मास अजून चौदा वर्षे अवकाश होता.

ग्रंथाच्या आरंभी कवीने मराठी भाषेची जी स्तुती केली आहे ती आज शाळकरी मुलांच्याही परिचयाची आहे. फुलांत मोगरा आणि सुवासांत कस्तुरी ह्यांना जे स्थान, ते भाषांमध्ये मराठीला, असा तिचा सारांश. पण त्याहून बोधप्रद गोष्ट त्यांच्या प्रस्तावनेत आहे. ग्रंथ मराठीत लिहिण्याचे कारण ते असे देतात की, ह्या देशी देवाच्या गोष्टी सांगण्यास ती भाषा योग्य आहे. तथापि निव्वळ मराठी सामान्य लोकांस अवघड जाईल, म्हणून त्यांच्या नित्याच्या बोलीतील सोपे शब्द तीत मिसळले आहेत. विद्वत्ता दाखविण्याची संधी हाती असता तिचा मुद्दाम संकोच करणे, हे थोर गुरूचे लक्षण होय.

देवाविषयीचा पूज्यभाव त्यांनी शब्दांच्या निवडीतही राखला. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ हा ऐकणाऱ्यांच्या ओळखीचा शब्द दिला, कारण तो कानी पडताच येथील मनुष्याचे हात आपोआप जोडले जात. उलट पवित्र आत्मा, बाप्तिस्मा ह्यांसारख्या गोष्टींना त्यांनी पोर्तुगीज व लॅटिन भाषांतील नावेच ठेवली. जेथे अर्थ बिघडण्याची भीती वाटली तेथे ते थांबले. कोठे जवळ जावे आणि कोठे अदबीने थांबावे, हे ज्यास कळते त्याच्याच हाती पवित्र वस्तू सुरक्षित राहतात. आपल्या रविवारच्या वर्गांत शिकविणाऱ्या बंधुभगिनींनी हा विवेक त्यांच्यापासून अवश्य घ्यावा.

सहाशे खिळ्यांची अडचण

फादर स्टीफन्स यांच्या मनात एक इच्छा अनेक वर्षे घर करून होती, आणि ती पुरी झाली नाही. गोव्यात छापखाना 1556 सालीच आला होता, पण त्यातील खिळे रोमन लिपीचे होते. मलबार किनाऱ्याकडे तामिळ लोकांस त्यांच्या भाषेतील व लिपीतील धर्मपुस्तक 1578 सालीच मिळाले होते. तसेच येथेही व्हावे, येथील भाषेतील पुस्तके येथल्याच अक्षरांत छापली जावीत, असे त्यांस मनापासून वाटे. 5 डिसेंबर 1608 रोजी त्यांनी रोमला आपल्या सर्वोच्च वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रात ही तळमळ व्यक्त झाली आहे. अडचण अशी की, युरोपातील लिपीला दोन डझन खिळे पुरतात. येथील लिपीत स्वर आणि व्यंजने एकत्र होऊन अक्षर बनते, म्हणून सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील. एवढा खर्च व खटाटोप वरिष्ठांच्या आज्ञेवाचून व साहाय्यावाचून होणे नव्हते. ते साहाय्य आले नाही.

शेवटी ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांतच छापले गेले. मोगऱ्याचे फूल परक्या परडीत ठेवावे तसे ते झाले. परंतु हवी तशी साधने मिळत नाहीत म्हणून त्यांनी काम अडवून धरले नाही. त्या पत्रानंतर आठच वर्षांनी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी पुराण लोकांच्या हाती दिले. धर्मग्रामाच्या कामात जागा नाही, पुस्तके नाहीत, पैसा नाही, अशी तक्रार आपणही पुष्कळदा करतो. ती खोटी असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु सहाशे साचे मिळाले नाहीत तरी चोवीस खिळ्यांवर काय साधता येते, ह्याचे हे उदाहरण आपल्यापुढे आहे.

मुलांसाठी लिहिलेले पुस्तक

पुराणाच्या कीर्तीमुळे त्यांचे दुसरे पुस्तक मागे पडले आहे. आमच्या आजच्या विषयास तेच अधिक जवळचे आहे. गोव्यात मुलांच्या शिकवणीची परंपरा स्टीफन्स यांच्या आधीची आहे. 1542 साली संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास आले तेव्हा हातात घंटा घेऊन ते रस्त्यारस्त्याने फिरत आणि मुलांस गोळा करून शिकवीत. त्या घंटेने मुले जमली. पण जमलेल्या मुलांच्या हाती त्यांच्या भाषेतील छापील पुस्तक द्यावयाचे राहिले होते. ते काम स्टीफन्स यांनी केले.

पोर्तुगालात मार्कुश जॉर्ज ह्या येशूसंघीय धर्मगुरूंनी मुलांसाठी लिहिलेली एक प्रश्नोत्तरी प्रचारात होती. तिच्या आधारे स्टीफन्स यांनी कोंकणी भाषेत ख्रिस्ती शिकवणीचे छोटे पुस्तक तयार केले. त्याची मांडणी गुरू आणि शिष्य ह्यांच्या संवादाची आहे. क्रुसाची खूण कशी करावी येथपासून आरंभ करून स्वर्गीय बापाची प्रार्थना, पवित्र मरियेची प्रार्थना, श्रद्धेचा अंगीकार, दहा आज्ञा, साक्रामेंते असा सर्व पाया त्यात क्रमाने घातला आहे. गुरुशिष्यसंवाद हा प्रकार ह्या भूमीत अनोळखी नव्हता. गुरूसमोर बसून ऐकावे, विचारल्यास उत्तर द्यावे, शंका आल्यास ती मांडावी, ही रीत येथील मुलांस वडिलांपासून ठाऊक होती. नवे सत्य त्यांनी जुन्या ओळखीच्या आसनावर बसविले.

हे पुस्तक 1622 साली राशोल येथे छापले गेले. कोंकणी भाषेतील हे पहिले छापील पुस्तक होय. परंतु ते कर्त्याच्या दृष्टीस पडले नाही. 1619 सालीच फादर स्टीफन्स गोव्यात देवाघरी गेले होते. तेव्हा त्यांचे वय सुमारे सत्तर वर्षांचे होते. त्यांनी रचलेले कोंकणी भाषेचे व्याकरणही सहकाऱ्यांनी वाढवून व तपासून 1640 साली प्रसिद्ध केले. म्हणजे त्यांच्या तीन ग्रंथांपैकी एकच त्यांनी छापलेला पाहिला. ज्या मुलांसाठी ते छोटे पुस्तक लिहिले, त्यांच्या हातांत ते पडल्याचा आनंद त्यांस ह्या लोकी मिळाला नाही. मुलांना शिकविणाऱ्यांच्या वाट्यास बहुधा हेच येते. पेरणारा एक, कापणारा दुसरा. आपण शिकविलेले मूल मोठे होऊन कोणत्या संकटात कोणत्या प्रार्थनेचा आधार घेईल, हे शिकविणाऱ्यास कधी कळत नाही.

मरणानंतर

त्यांच्या पश्चात पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या 1649 व 1654 साली निघाल्या. पुढे मात्र वारे फिरले. 27 जून 1684 रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढून लोकांनी देशी भाषा टाकावी व तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज शिकून तीच बोलावी असे फर्माविले. ज्या भाषेचा मान एका परदेशी धर्मगुरूने राखला होता, तिलाच तिच्या घरात परकी ठरविण्यात आले. सतराव्या शतकातील पुराणाची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही, ह्यावरून त्या काळात काय काय नाहीसे झाले ह्याची कल्पना करावी.

तरीही ते पुराण मेले नाही. लोकांनी ते हाताने उतरून घेतले, घरात जपले, गाऊन दाखविले. गोवा सोडून दक्षिणेस मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या पोथ्या बरोबर नेल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपू सुलतानाच्या बंदिवासात पडलेल्या आपल्या पूर्वजांस ह्याच ओव्यांनी धीर दिला, अशी आठवण त्या समाजात सांगितली जाते. तशाच पोथ्यांवरून जोसेफ सालढाणा ह्यांनी 1907 साली मंगळूर येथे पुराण पुन्हा छापले. मुलांच्या प्रश्नोत्तरीची मूळ बरहुकूम प्रतिकृती 1945 साली लिस्बनमध्ये निघाली. आणि आम्हां पुणेकरांस विशेष अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, 1956 साली ह्याच पुणे शहरात शांताराम बंडेलू ह्यांनी संपादिलेले ख्रिस्तपुराण देवनागरीत छापून प्रसिद्ध झाले. फादर स्टीफन्स यांची सहाशे साच्यांची इच्छा त्यांच्या पत्रानंतर 348 वर्षांनी, आपल्या गावात फळास आली.  ज्या शहरात 1792 साली पेशव्यांनी दिलेल्या जागेवर कॅथलिकांचे पहिले मंदिर उभे राहिले, त्या शहरास हे शोभलेच.

पुढे 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांचा मार्ग मोकळा केला आणि वेदीवर मराठी शब्द उमटू लागले. गोव्यात 1986 साली त्यांच्या नावाने कोंकणी भाषेच्या अभ्यासाचे केंद्र स्थापन झाले. ज्या कल्पनेसाठी त्यांना एकट्याने खपावे लागले, ती आता सर्व ख्रिस्तसभेची रीत झाली आहे.

आमच्यासाठी बोध

आता पुन्हा आपल्या स्वारगेटकडे वळू. आज आपणांस कोणी आपली भाषा टाकण्याचा हुकूम करीत नाही. छापखान्यात अक्षरांची वाण नाही. मराठी शास्त्रपाठ, मराठी प्रार्थनापुस्तके, 1903 साली फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेल्या निरोप्या मासिकाची परंपरा, हे सर्व आपल्या हाताशी आहे. वाण आहे ती घरात एकत्र बसण्याची. मुलांनी इंग्रजी शिकू नये असे आम्ही मुळीच म्हणत नाही. फादर स्टीफन्स स्वतः अनेक भाषांचे जाणकार होते, आणि ज्या घरात मूल इंग्रजीतच विचार करते त्या घरात त्याला इंग्रजीत समजावून सांगणे, हेच त्यांच्या मार्गाने चालणे होय. त्यांचा आग्रह एवढाच दिसतो की, शिकविणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या दारापर्यंत चालत जावे. त्यासाठी ते साता समुद्रांपलीकडून आले आणि चाळीस वर्षे परक्या मुलांची भाषा शिकत राहिले. आपणांस तर स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंतच जावयाचे आहे.

म्हणून ह्या ज्युबिलीच्या वर्षी प्रत्येक कुटुंबाने एक लहानसा नेम करावा असे आम्ही नम्रपणे सुचवितो. आठवड्यातून एका सायंकाळी जेवणापूर्वी थोडा वेळ सर्वांनी एकत्र बसावे. एकच प्रार्थना घ्यावी. आजीने ती आपल्या बोलीत म्हणावी, मुलाने त्यास येत असेल त्या भाषेत म्हणावी, आणि मग तिच्यातील एका शब्दाचा अर्थ सर्वांनी मिळून शोधावा. मुलाने प्रश्न विचारला तर त्यास गप्प बसवू नये. सासष्टीच्या त्या मंदिरात प्रश्न विचारणाऱ्यास कोणी गप्प बसविले असते, तर ख्रिस्तपुराण लिहिले गेले नसते.

रविवारी मुलांस शिकविणारे आपले बंधुभगिनी फारशी वाहवा न मिळता हे कार्य करीत असतात. त्यांच्या नावाची पाटी कोठे लागत नाही. त्यांनी निराश होऊ नये. राशोलच्या छापखान्यातून मुलांचे पुस्तक बाहेर पडले तेव्हा त्याचा कर्ता तीन वर्षांपूर्वीच मातीत विसावला होता. आणि चारशे वर्षांनी आम्ही त्याचे गुण गात आहोत.

बालकांवर प्रेम करणारा आपला प्रभू येशू ख्रिस्त आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक लेकराच्या अंतःकरणात स्वतःविषयी प्रेम व पूज्यभाव रुजवो, आईबापांस शिकविण्याची हौस आणि धीर देवो, आणि धन्य कुमारी माता मरिया ह्या कार्यास आपल्या मध्यस्थीचा आधार देवो, अशी प्रार्थना करून आम्ही ही लेखणी खाली ठेवतो. आमेन.